शंभरातले किती?

डिंगोऱ्यात एक नाना आहेत असं धरून चालू. आडनावाची गरज नाही. कल्याण-नगर रस्त्यानं ओतूर मागं टाकून माळशेज घाटाकडं निघालं की अशा नानांची एखादी वस्ती लागतेच. दोन एकर कांदा, एक एकर टोमॅटो, गोठ्यात दोन गाई, मुलगा चाकणला कंपनीत, सून गावात आशा कार्यकर्ती. वय अठ्ठावन्न. रक्तदाबाची गोळी चालू. हिशेबाला मात्र माणूस पक्का. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटमागं पाच रुपयांनी नानांना गंडवील असा व्यापारी अजून जन्मायचाय, असं गावात म्हणतात.

ओतूरच्या डॉक्टरांनी नानांचं रक्त तपासून चरबीची एक गोळी वाढवली होती. नानांनी ती आणून फळीवर ठेवली आणि विसरून गेले. मग एके दिवशी मुंबईच्या पुतण्यानं मोबाईलवर एक निरोप पुढं ढकलला. ‘ही गोळी घ्या, हार्ट अटॅकचा धोका ३६ टक्क्यांनी कमी! मोठ्या संशोधनात सिद्ध.’ खाली तीच गोळी.

नानांनी विडी शिलगावली आणि मनात हिशेब मांडला. शंभर माणसांनी गोळी घेतली की छत्तीस वाचली. आपल्या आळीत लहानथोर धरून शंभर माणसं सहज भरतील. म्हणजे छत्तीस घरची माणसं राहिली की! दिवस मावळेपर्यंत नाना त्या गोळीचे प्रचारक झाले होते. बायकोला, म्हणजे माईंना, एक पाकीट, ऐंशी वर्षांच्या चुलतीला एक पाकीट, शिवाय मुलाला फोन, की शनिवारी येताना आणखी दोन घेऊन ये.

माईंनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत नानांच्या मांडीवर ठेवलं.

“अहो, मागं तो बाटलीवाला आला होता, आठवतंय का? रोपांच्या मरीचं औषध घेऊन?”

नानांना आठवत होतं. कंपनीचा माणूस बांधावर येऊन सांगत होता की हे औषध सोडलं की टोमॅटोच्या रोपांची मर निम्म्यावर येते. नानांनी त्याला एकच विचारलं होतं, की औषध न सोडता किती रोपं जातात? तो म्हणाला, तुमच्या रानात शंभराला चार. “मंजी तुझ्या औषधानं दोन जातील. दोन रोपांसाठी एवढ्या रुपयांची बाटली? चहा घे आन् निघ,” असं म्हणून नानांनी त्याला वाटेला लावलं होतं.

“टोमॅटोच्या टायमाला बरं सुचलं,” माई म्हणाल्या. “आता सोताच्या काळजाला औषध घ्यायचंय तर छत्तीस टक्के वाचून गप? गोळी न घेता शंभरातल्या किती जणांना झटका येतो, ते कुठं लिवलंय यात?”

नानांनी निरोप वरखाली केला. ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी नाना ओतूरला. दवाखान्यात गर्दी नव्हती आणि डॉक्टरांना बोलण्याची हौस होती, हे नानांचं भाग्य. कारण ‘छत्तीस टक्के कशातले?’ असं विचारणारा पेशंट बऱ्याच डॉक्टरांना आगाऊ वाटतो.

हा छत्तीसचा आकडा खोटा नाही, हे आधी सांगायला हवं. तो २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ब्रिटन, आयर्लंड आणि उत्तर युरोपातल्या १०,३०५ लोकांवर ती चाचणी झाली होती. सगळ्यांना उच्च रक्तदाब, शिवाय वय, विडीकाडी, मधुमेह असल्या धोक्यांपैकी किमान तीन. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन नावाची गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. साधारण सव्वातीन वर्षांनी मोजदाद केली. नुसत्या गोळीवाल्या ५,१३७ जणांपैकी १५४ जणांना झटका आला किंवा हृदयविकारानं मरण आलं. औषधवाल्या ५,१६८ जणांपैकी १०० जणांना. अमेरिकेत ‘लिपिटॉर’ या नावानं हीच गोळी विकताना जाहिरातीत ३६ टक्के हा आकडा ठळक छापला, आणि बारीक अक्षरात खाली लिहिलं की साखरेच्या गोळीवाल्यांत ३ टक्के, औषधवाल्यांत २ टक्के. लिहिलेलं सगळं होतं. फक्त अक्षरांचा आकार वेगवेगळा होता.

“म्हणजे बघा नाना,” डॉक्टर म्हणाले, “गोळी न घेता शंभरातल्या तिघांना त्रास झाला, घेऊन दोघांना. तिनाचे दोन झाले, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. बारकाईनं मोजलं की तेच छत्तीस टक्के. पण शंभर माणसांच्या मानानं फरक किती? एकाचा.”

“आन् बाकीचे नव्याण्णव?”

“दोघांना गोळी घेऊनही झटका आला. सत्त्याण्णवांना न घेताही आला नसता.”

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सव्वातीन वर्षं रोज गोळी खायची शंभरांनी, आन् फायदा एकाला.”

“नेमकं सांगायचं तर चौऱ्याण्णवांनी.”

हा उलटा हिशेब वैद्यकात रुजून फार वर्षं झालेली नाहीत. लॉपासिस, सॅकेट आणि रॉबर्ट्स या तिघांनी १९८८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सुचवलं की औषधाचा गुण सांगताना ‘एकाला फायदा व्हायला किती जणांना औषध द्यावं लागतं’ तो आकडा सांगावा. गणित सातवीतलं आहे. औषध न घेणाऱ्या शंभरांत किती, घेणाऱ्या शंभरांत किती, दोन्हींतला फरक काढायचा आणि त्या फरकानं शंभराला भागायचं. जितका आकडा लहान तितकं औषध गुणाचं. मला विचाराल तर औषधाच्या प्रत्येक जाहिरातीत हा आकडा टक्क्यांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायची सक्ती करायला हवी. पण मला कोण विचारतो.

*

इथं गोष्ट संपवली असती तर नाना शहाणे झाले असं म्हणता आलं असतं. पण नाना शहाणे झाले नाहीत, चिडले. आपण फसत होतो हे कळलेला हिशेबी माणूस फार चिडतो.

चुलतीचं पाकीट परत आलं. माईंचं तर त्यांनी घेतलंच नव्हतं. नाना पारावर बसून सांगू लागले की औषधं म्हणजे सगळा बाजार, चौऱ्याण्णवांच्या खिशातून काढायचं आणि एकाला वाचवल्याचा ढोल पिटायचा. सुनेलाही सोडलं नाही. ती खांद्याला पिशवी लावून बाळंतिणीच्या घरी निघालेली. “तुझ्या त्या वजनकाट्यानं कुणाचं पोर वाचलंय का गं? शंभर पोरं जोखशील तवा एक वाचंल.”

सून शांत मुलगी आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडं तिला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावं लागतं. वजन, ताप, श्वास, बेंबी, आईचं दूध. हे सगळं बघायची पद्धत गडचिरोलीतून आली. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत साध्या गावकरी बायांना बाळ तपासायला शिकवलं, जंतुसंसर्ग ओळखायला आणि औषधं द्यायला, प्रसंगी जंतुनाशकाचं इंजेक्शन टोचायलाही शिकवलं. शेजारच्या ४७ गावांत नेहमीचंच चालू ठेवलं. तिसऱ्या वर्षी त्या ४७ गावांत हजार बाळांमागं ६० च्या घरात बाळं पहिल्या महिन्यातच जात होती, ३९ गावांत २५ च्या घरात. हेही १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आलं, आणि त्या लेखात शेवटचा हिशेबही दिलेला होता.

“शंभर नाही नाना,” सून म्हणाली. “अठरा. अठरा बाळांची अशी काळजी घेतली की एक मरण टळतं, पोटातलं किंवा जन्मलेलं. ट्रेनिंगला सांगितलं होतं.” आणि ती गेली.

अठरा हा आकडा नानांना बोचला, पण इतका नाही की तोंड बंद व्हावं.

खरी पंचाईत तात्यांची झाली. तात्या म्हणजे शेजारचे, नानांचे बालमित्र. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका येऊन गेला, पुण्याला नेऊन स्टेंट बसवली. त्यांनाही चरबीची गोळी चालू होतीच. नानांचं पारावरचं व्याख्यान ऐकून त्यांनी ती बंद केली. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. सुनेनं एकदा फेरी मारताना विचारलं तेव्हा कळलं. चिठ्ठीवरची तारीख पंधरा दिवसांपूर्वी उलटून गेलेली आणि पाकीट तसंच भरलेलं.

सून सासऱ्यांना काही बोलली नाही. सासूबाईंना सांगितलं. ते जास्त परिणामकारक होतं.

“मरीच्या औषधाची निम्मी गोष्ट तुम्ही कुणालाच सांगत नाय,” माई रात्री जेवण वाढताना म्हणाल्या. “तो बाटलीवाला गेला, खरंय. पण पुढल्या साली काय झालं? पाऊस थांबंना, शंभरातली चाळीस रोपं जायला लागली. मग तीच बाटली तुम्ही ओतूरहून पळत आणली. का आणली? औषध तर तेच व्हतं, निम्म्यावर आणायचं म्हणणारं!”

नानांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला.

चाळिसाचे वीस. दोन रोपांसाठी जी बाटली महाग होती, ती वीस रोपांसाठी स्वस्त पडली. औषध बदललं नव्हतं, टक्का बदलला नव्हता, रान बदललं होतं. तात्यांचं रान एकदा करपून गेलेलं होतं.

तात्यांसारख्यांवरचीही चाचणी झालेली आहे, आणि ती आधीची, १९९४ ची. स्कँडिनेव्हियातले ४,४४४ रुग्ण, सगळ्यांना आधीच हृदयविकार. त्याच घराण्यातली दुसरी गोळी, सिम्व्हास्टॅटिन. पाच-साडेपाच वर्षांनी मोजलं तर साध्या गोळीवाल्या २,२२३ जणांतले २५६ वारले होते, औषधवाल्या २,२२१ जणांतले १८२. टक्क्यांत सांगायचं तर मरणाचा धोका ३० टक्क्यांनी कमी. तीस म्हणजे छत्तीसपेक्षा कमीच, जाहिरातीत कुणी छत्तीसचीच निवडील. आता माईंचा प्रश्न लावा. शंभरातले साडेअकरा जात होते, ते आठांवर आले. तीस जणांनी गोळी घेतली की एक जीव राहिला. तिकडं चौऱ्याण्णवांमागं एक, तोही बहुतेक वेळा मरण नव्हे तर झटका टळला. इथली वर्षं थोडी जास्त, हे मान्य. तरी लहान टक्क्यामागं मोठा फायदा लपलेला असू शकतो, आणि मोठ्या टक्क्यामागं बारका.

उलट बाजूनंही हे असंच चालतं. ब्रिटनमध्ये १९९५ साली सरकारी समितीनं इशारा दिला, की काही नव्या संततिनियमनाच्या गोळ्यांनी रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट! बायकांनी भीतीनं गोळ्या टाकल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि ‘दुप्पट’ म्हणजे काय होतं? सात हजार बायकांत आधी एकीला गुठळी होई, ती आता दोघींना. बाळंतपणात आणि गर्भपातात गुठळीचा धोका याहून मोठा असतो. ‘सात हजारांत एक वाढली’ असं कुणी लिहिलं असतं तर बातमी झाली नसती, हेच त्या बातमीचं दुखणं.

नाना रात्रीच उठून तात्यांकडं गेले. बिबट्याच्या भीतीनं डिंगोऱ्यात अंधार पडल्यावर कुणी बॅटरी-काठीशिवाय बाहेर पडत नाही; नाना दोन्ही घेऊन गेले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तात्यांची गोळी चालू झाली आणि नाना दोन दिवस पारावर फिरकले नाहीत.

*

मग कांदा काढणी आली. काढणीला आलेल्या कुटुंबांतला एक सात-आठ वर्षांचा मुलगा बांधावर खेळत होता. त्यानं दगड उचलला आणि लाल विंचवानं नांगी मारली. आधी नुसता ओरडला. तासाभरात अंगाला दरदरून घाम, ओकारी, हातपाय बर्फासारखे गार. कुणी म्हणालं उतारा टाकू, कुणी म्हणालं चुना लावू. सुनेनं पोराच्या हाताला हात लावला आणि नानांकडं बघितलं. नानांनी जीप काढली. पोराची आई, माई, सून, सगळी ओतूरला.

डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि विंचवाची प्रतिविषाची लस सलाइनमधून चालू केली. पोर शुद्धीवर होतं, नाडी लागत होती. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नानांच्या तोंडून सवयीनं निघालंच, “डॉक्टर, याचं शंभरातलं किती?”

सुनेला वाटलं, डॉक्टर आता वैतागतील. पण ते नानांच्या शेजारी बसले. कोकणात महाडला हिंमतराव बावस्कर म्हणून डॉक्टर आहेत, ते १९७६ पासून, सुरुवातीला बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, विंचवाचे पेशंट बघत आले, पुढं पद्मश्री मिळाली. प्राझोसिन ही खरं तर रक्तदाबाची गोळी. ती विंचवाच्या विषावर चालते हे त्यांनी दाखवलं. त्याआधी लाल विंचवानं हृदयावर घाला घातलेल्या दहा जणांतले तीन-चार दगावायचे, नंतर शंभरात एखाद-दुसरा. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की प्राझोसिनला लसीची जोड दिली तर आणखी काही मिळतं का? त्यासाठी महाडलाच सत्तर पेशंट घेतले. पस्तिसांना नुसती प्राझोसिन, पस्तिसांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी बघितलं तर नुसत्या गोळीवाल्यांतले आठ पूर्ण बरे झाले होते. लसवाल्यांतले बत्तीस. हा निकाल २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं छापला.

नानांनी बोटांवर हिशेब केला, मग तोंडानं. पस्तिसांत चोवीसचा फरक. शंभराला अडुसष्ट-एकोणसत्तर. शंभर भागिले अडुसष्ट.

“दीड,” नाना म्हणाले. आणि पुन्हा करून बघितलं. “दीड माणूस? तीन जणांना दिली की दोघांना गुण?”

“दहा तासांत बरं होण्याचा गुण, हां. जीव वाचण्याचा नव्हे; जीव तर दोन्हीकडं प्राझोसिननंच धरला होता. कुठला फायदा मोजलाय तेही विचारायचं असतं, नाना.”

रात्री उशिरा पोराचे हात गरम झाले. पहाटे त्यानं पाणी मागितलं.

जायच्या आधी नानांनी आपल्या गोळीचा विषय काढला. चौऱ्याण्णवांत आपण कोण, तो एक की बाकीचे त्र्याण्णव? डॉक्टर म्हणाले की ते त्यांना सांगता येत नाही, जगातल्या कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही. रक्तदाब आहे, चरबी आहे, घ्यावी असं त्यांचं मत. गोळी स्वस्त आहे, काहींचे स्नायू दुखतात, तसं झालं तर यायचं. पण नको म्हणालात तरी मी भांडणार नाही, तात्यांशी मात्र भांडेन. नानांनी विचार करून घेईन म्हटलं. माई म्हणाल्या, मला रक्तदाब नाही, चरबी नाही, मी काही घेणार नाही, आणि त्यावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

“आता मी एक विचारतो,” डॉक्टर म्हणाले. “विड्या किती होतात?”

“बंडल. कधी दीड.”

“याचं शंभरातलं किती, ते नाही विचारलंत कधी.”

नाना गप्प. डॉक्टरांनी सांगितलं. ब्रिटनमधल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं लक्ष ठेवलं होतं, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. जे ओढत राहिले त्यांतले निदान निम्मे त्या ओढण्यानंच गेले. सिगारेटी होत्या त्या, पण विडी काही पुण्यवान नाही. साठाव्या वर्षी सोडली तरी सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीत सोडली तर सहा.

“शंभरातले पन्नास?” नानांचा आवाज चढला. “मग हे कुणी मोबाईलवर का नाय पाठवत?”

“बंडलावर छापत्यात की,” माई म्हणाल्या. “फोटोसकट. तुम्ही आतली विडी तेवढी बघता.”

नानांनी खिशातलं बंडल काढलं, लांब धरून फोटो निरखला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “साठीला सोडली तर तीन म्हणालात. आन् अठ्ठावन्नला?”

डॉक्टर हसले. “थोडं जास्त. पण अठ्ठावन्नला सोडली तर.”